चार हातांची सावली

"दुबळेपणा मोजता येतो, आणि जे मोजता येतं ते जिंकता येतं! मानवजातीनं आज आपल्या सर्वांत जुन्या शत्रूच्या छातीवर पाय ठेवला आहे!" असं पालकमंत्री नांदवडीच्या क्षमता-मापन केंद्राच्या उद्घाटनाला म्हणाले आणि फीत कापायला वळले. कात्री बोथट निघाली. मंत्र्यांनी दोनदा दाबून पाहिली. फीत नुसती दुमडली. मग एका अधिकाऱ्यानं फीत ताणून धरली, दुसऱ्यानं मंत्र्यांचं मनगट धरलं, तिसऱ्यानं कात्रीचं खालचं पातं वर रेटलं, आणि टाळ्यांच्या कडकडाटात मंत्र्यांनी फीत कापली. बातमीतही तसंच आलं. मंत्र्यांनी कापली.

हर्षदा बोंगाळेनं ती बातमी शाळेच्या व्हरांड्यात, चपलांच्या मांडणीशेजारच्या बाकावर बसून वाचली. तो बाक म्हणजे वर्षभराचं तिचं ऑफिस. पूर्वी ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. आता ती मुलीच्या वर्गाबाहेर बसून हाकेची वाट पाहायची.

मुलगी शर्वी. सात वर्षांची, पहिलीत. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून हातपाय ताठ. डॉक्टरी भाषेत सेरेब्रल पाल्सी. वॉकर धरून चालायची. बोलणं सावकाश, पण त्यातून येणारा शब्द तिखट. डोकं असं की वर्गातली निम्मी मुलं पाढ्यांसाठी तिच्या तोंडाकडे बघत. पण डबा भरवायला, वही धरायला, शौचालयात न्यायला कोणीतरी लागायचं. ते कोणीतरी म्हणजे बाकावरची आई.

एके दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी तिला आत बोलावलं. आवाज इतका गोड की हर्षदा आधीच सावध झाली.

"हर्षदाताई, जूनपासून पालकांना आवारात बसता येणार नाही हं. संस्थेचा निर्णय आहे. शर्वीला सरकारी शाळासोबती मिळाला तर प्रश्नच नाही. नाही मिळाला तर मग..."

बाईंनी वाक्य तिथंच सोडलं. शिक्षण खात्यात वाक्य नेमकं कुठं सोडायचं याचं वेगळं प्रशिक्षण असावं.

शाळासोबती म्हणजे शाळेत मुलाला मदत करायला सरकारनं नेमलेला माणूस. तो हवा तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं, प्रमाणपत्रावर किमान चाळीस टक्के हवेत, आणि टक्के आता डॉक्टर देत नव्हते. यंत्र देत होतं. थोडक्यात, शर्वी दुसरीत बसणार की घरी, हे यंत्र ठरवणार होतं.

हर्षदानं त्याच दुपारी अर्ज केला.

*

घरात परीक्षा येणार म्हटल्यावर तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, अंगात वारं आलं. आबांनी उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत स्कॉलरशिपची मुलं घडवली होती. नवरा सुमेध राजस्थानात सौरऊर्जेच्या कामावर, त्यामुळे आवरायला कोणी नाही. आबांनी आपला जुना शर्ट उशीला घातला आणि शर्वीकडून बटणांचा सराव सुरू केला.

"आबा, ही पास व्हायची परीक्षा नाहीये," हर्षदा म्हणाली.

"अगं, परीक्षा ती परीक्षा. पोरीनं बिचकून काहीच केलं नाही तर यंत्राला वाटेल, हिला कळतच नाही. मग मतिमंद म्हणून शिक्का मारेल. चालेल तुला?"

यात थोडं तथ्य होतं. थोडं तथ्य फार वाईट. त्याच्या आधारानं माणूस पुष्कळ मूर्खपणा करू शकतो. सराव चालू राहिला. बटण, चमचा, पायरी. शर्वीला भलतीच मजा येऊ लागली. एरवी तिला सगळे 'राहू दे, राहू दे' म्हणत. आता म्हणत होते, 'हं, पुन्हा!'

मापनाच्या दिवशी हर्षदानं शर्वीच्या दोन घट्ट वेण्या घातल्या, इस्त्रीचा फ्रॉक घातला. निघताना आबांनी तळहातावर दही दिलं.

"यशस्वी भव," आबा म्हणाले.

आणि तिथंच सगळं बिघडलं.

*

यंत्राचं नाव क्षमतादर्शक. त्याचं काम समजायला अवघड नाही. स्नायू हलण्याआधी त्याच्यात विजेची बारीकशी लहर उठते. यंत्राच्या जॅकेटमध्ये त्या लहरी टिपणारे शेकडो धागे विणलेले होते. डोक्यावरची टोपी अवरक्त प्रकाशानं मेंदूतला रक्तप्रवाह बघायची. या सगळ्यावरून संगणक त्या माणसाची एक हुबेहूब प्रतिकृती रचायचा. कागदोपत्री तिला 'प्रतिछाया' म्हणत, केंद्रातले लोक नुसतं 'सावली'. ही सावली मग पडद्यावर एक अख्खा दिवस जगून दाखवायची: उठणं, अंघोळ, कपडे, दप्तर, जिना. सावलीला जे जमलं नाही, तेवढे टक्के माणसाला मिळायचे.

यंत्र मूळचं धावपटूंसाठी बनलेलं. कोणता पोरगा ऑलिंपिकला न्यायचा, हे ठरवायला. लांब उडीच्या मैदानात प्रत्येकाची सर्वांत लांब उडी तेवढी धरतात. बाकीच्या उड्या कोणी विचारत नाही. सरकारनं यंत्र घेतलं, रंग बदलला, नाव बदललं. हिशेबाची रीत तीच राहिली. ज्या मुलांचं सगळं आयुष्य त्या बाकीच्या उड्यांत जातं, त्यांच्यासाठी.

केंद्रप्रमुख डॉ. दहिवलीकर हे सरळ मनाचे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी शर्वीला जॅकेट घातलं, समोर एक बटणांची पाटी ठेवली.

"ताई, तुम्ही मागं उभ्या राहा. काही बोलू नका."

काय करायचं हे हर्षदाला पक्कं ठाऊक होतं. पण आपल्याकडे पाहुणे आले की मुलाला मधोमध उभं करायची रीत आहे. ते पोर खांबामागं लपलेलं असो, तापानं फणफणलेलं असो, त्यानं श्लोक म्हणून दाखवलाच पाहिजे. डॉक्टर शर्वीकडे बघून हसले, शर्वीनं आईकडे बघितलं, आणि हर्षदाच्या तोंडून आपोआप शब्द गेले, "दाखव बाळा, काकांना करून दाखव!"

शर्वीनं दाखवलं. जीभ दातांत धरून, मान वाकडी करून, कपाळावर घाम आणून तिनं एक बटण लावलं. पहिले दोन प्रयत्न चुकले, तिसरा जमला. ती एक पायरी चढली. एक चमचा पाणी न सांडता तोंडापर्यंत नेलं. आयुष्यातला सर्वोत्तम दिवस तिनं त्या खोलीत काढला, आणि घरी जाताना गाडीत अशी झोपली की संध्याकाळपर्यंत डोळा उघडला नाही.

पण त्याआधी निकाल लागला.

"एकतीस," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे... मी... पास?" शर्वीनं विचारलं.

बाहेर थांबलेले आबा आत डोकावले. "पास? शाब्बास गं माझी वाघीण!" ते म्हणाले, आणि मग सुनेचा चेहरा बघून दार हळूच ओढून घेतलं.

"एवढंच जमलं तिला, डॉक्टर," हर्षदा म्हणाली. "एक बटण, एक पायरी."

"एकदा जमलं म्हणजे जमतं, असं यंत्र धरतं. बघा ना तुम्हीच."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर शर्वी होती. तोच चेहरा, त्याच वेण्या. ती पलंगावरून उठली. फ्रॉक डोक्यातून घातला, सगळी बटणं एकामागून एक लावली, केसांवरून कंगवा फिरवला, दप्तर खांद्याला अडकवलं आणि दारातून बाहेर पडली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हर्षदा बघत राहिली. सात वर्षं रोज ती हे डोळे मिटून बघत आली होती. आता उघड्या डोळ्यांनी बघायला मिळालं.

"पुन्हा दाखवता?"

डॉक्टरांनी पुन्हा दाखवलं. सावली पुन्हा उठली, पुन्हा निघून गेली.

हर्षदानं पदरानं नाक पुसलं आणि शर्वीच्या जॅकेटचे पट्टे सोडवायला घेतले. "छान आहे मुलगी," ती म्हणाली. "तुमच्याकडेच ठेवा. मी माझी घेऊन जाते. आणि अपील कुठं करायचं ते सांगा."

*

अपिलाला 'घरगुती मापन' असं नाव होतं. आठवडाभर मुलानं घरी जॅकेट घालायचं. सोबत मोठ्या मापाचं दुसरं जॅकेट मिळायचं, ते घरातल्या धडधाकट माणसासाठी. त्या घरातली बादली किती जड, पायरी किती उंच, हे यंत्राला कळावं म्हणून. शिवाय सूचना ठळक अक्षरांत: 'मदतनीसाने बालकास स्पर्श करू नये.'

"धडधाकट माणूस म्हणजे मी," असं म्हणून आबांनी मोठं जॅकेट चढवलं. दुसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला. यंत्रानं आबांना त्रेपन्न टक्के दिले होते. अर्ज केला तर लाभ मिळू शकेल, असं फोनवरचा आवाज आदबीनं म्हणाला.

"मी रोज नदीपर्यंत चालतो म्हणावं!" आबा गरजले. मग जॅकेट काढायला त्यांना सुनेला हाक मारावी लागली. त्यानंतर ते हर्षदानं घातलं.

शर्वी मात्र अजून परीक्षेतच होती. जॅकेट अंगात गेलं की पाठ ताठ, जीभ दातांत.

"ऐक माझं," आबा सुनेच्या कानाशी म्हणाले. "तिला सांगू, चमचा पाड म्हणून. मुद्दाम."

"आबा, कॉपी करताना सापडलेल्या मुलांना तुम्ही काय करायचात?"

"ते वेगळं."

"आजोबा मला... खोटं शिकवतायत," शर्वी पलंगावरून म्हणाली. तिचे कान फार चांगले होते. "मी नाही... पाडणार."

"कोणीच काही पाडणार नाही," हर्षदा म्हणाली. "आणि कोणीच काही दाखवणार नाही. आई उद्या हात लावणार नाही, तू तुझं तू आवरायचं. जमेल तेवढं."

सकाळी हर्षदा पलंगासमोर खुर्ची टाकून बसली. नियम तो नियम. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. शर्वीनं फ्रॉक ओढला. डोकं बाहीत गेलं. ते तिथंच अडकलं. फ्रॉकच्या आतून आधी खुदखुद हसू ऐकू आलं, मग श्वास जोरानं येऊ लागला, मग एकदम शांतता. बाहेर शाळेची बिनड्रायव्हरची गाडी दोनदा वाजली आणि निघून गेली.

"आई?" फ्रॉकमधून आवाज आला. "आहेस ना?"

"आहे."

"मग... बसलीस काय?"

हर्षदा उठली. तिनं डोकं मोकळं केलं, बाही सरळ केली, तिला पोटाशी धरलं. सूचनापत्रकाची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. त्या कागदाचा तेवढा उपयोग झाला.

"अगं, हात लावलास तर यंत्र म्हणेल, पोरगी सगळं करते!" आबा दारातून म्हणाले. "शाळा जाईल तिची."

"मी हात लावते तेव्हाच तिचा दिवस होतो, आबा. आम्ही अशाच राहतो. यंत्राला बघायचं असेल तर हेच बघू दे. पण दोन्ही जॅकेटं घालूनच. रात्री झोपेपर्यंत माझं उतरणार नाही."

आणि उतरलं नाही. सांडगे वाळत घालताना, दळण आणताना, शर्वीला अंघोळ घालून पुसतानाही ते अंगात. दारापुढून जाणाऱ्या बायका विचारत, काय गं, मोटारसायकल घेतलीस का?

*

आठवडा संपल्यावर तिघं पुन्हा केंद्रात गेली. डॉक्टर दहिवलीकर पडद्याकडे बघत होते आणि त्यांना नजर वर करवत नव्हती.

"अभिनंदन म्हणू की काय म्हणू कळत नाही, ताई. बावीस."

"आधी एकतीस होते."

"हो. यंत्राच्या मते प्रगती आहे. जॅकेट म्हणतं, मुलगी रोज वेळेवर आवरते, हालचाल सफाईदार, आणि स्नायूंची वीज अगदी कमी खर्च होते. कमी ताकदीत सफाईदार हालचाल, हे अव्वल खेळाडूचं लक्षण." ते खाकरले. "यंत्रानं तिला जिम्नॅस्टिक्ससाठी सुचवलंय."

शर्वी एवढी हसली की वॉकर खडखडला. आबा हसले नाहीत. त्यांना त्या सकाळी निघून गेलेली शाळेची गाडी आठवली असावी.

हर्षदा पुढं सरकली. "माझं जॅकेट कुठंय?"

"ते वेगळं तपासलंय. तुम्ही ठणठणीत आहात. शून्य टक्के."

"वेगळं नको. दोन्ही एकत्र लावून बघा."

"तशी पद्धत नाही, ताई. एक जॅकेट, एक शरीर."

"मी लॅबमध्ये होते, डॉक्टर. नमुन्यात दुसरं रक्त मिसळलंय अशी शंका आली की आम्ही दोन्ही नमुने शेजारी ठेवायचो. तिच्या हाताची वीज कमी आणि हालचाल पुरी, तर उरलेली वीज कोणाच्या तरी हातातून गेली असणार. ती शोधा."

"नियमात बसत नाही हो."

"मनाई कुठल्या नियमात आहे ते दाखवा. तोवर मी बसते. मला बाकावर बसायची सवय आहे."

ती बसली. आबाही बसले, आणि पिशवीतून डबा काढून गुडघ्यावर ठेवला. डबा बघून डॉक्टरांचा धीर सुटला असावा. त्यांनी दार लोटून घेतलं, चष्मा पुसला आणि दोन्ही जॅकेटांच्या लहरी एका काळरेषेवर आणल्या.

मग ते हळूहळू खुर्चीच्या कडेवर आले. शर्वीच्या प्रत्येक हालचालीच्या किंचित आधी दुसऱ्या जॅकेटमध्ये एक ठिणगी होती. बाही, घास, कंगवा, पायरी. एकदाही चुकली नव्हती. कित्येकदा तर मुलीच्या स्नायूत लहर उठायच्या बेतात असतानाच आईचा दंड जागा झालेला.

"एक सावली बनव," डॉक्टरांनी यंत्राला सांगितलं.

यंत्राला जन्मापासून एकच गोष्ट शिकवलेली: लहरी दिल्या की एक शरीर रचायचं. दोन माणसं असतात ही कल्पनाच त्याच्यात नव्हती. त्यानं बराच वेळ घेतला, पंखे मोठ्यानं फिरले, आणि पडद्यावर एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक आणि चार हात. दोन लहान, दोन मोठे. लहान हात बाहीकडे निघायचे, मोठे त्यांना वाटेत गाठायचे. चौघांनी मिळून बटणं लावली, वेण्या घातल्या, दप्तर उचललं.

आबांचे हात सवयीनं जोडले गेले.

"आबा, ती शर्वी आहे," हर्षदा म्हणाली.

"असू दे गं. चार हात आहेत."

पडद्याखाली यंत्राचा प्रश्न उमटला होता: 'अर्जदारास दोन हात अतिरिक्त आहेत. वगळायचे?'

डॉक्टरांनी हर्षदाकडे पाहिलं. "वगळू? बघवणार नाही कदाचित. मुलीला बाहेर नेऊ का?"

हर्षदानं शर्वीकडे बघितलं. शर्वीनं मान हलवली. ती कुठंही जाणार नव्हती.

"वगळा," हर्षदा म्हणाली.

मोठे हात गेले. सावली पलंगावर बसली होती, फ्रॉक अर्धा डोक्यात, एक हात बाहीच्या तोंडाशी ताठ. दिवसाचं घड्याळ कोपऱ्यात पुढं सरकत होतं. आठ वाजले, दहा, दुपार. सावली तिथंच. हर्षदानं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकवले, कारण ते पडद्याकडे निघाले होते.

"तिची शाळा... बुडली," शर्वी म्हणाली.

मग यंत्रानं आकडा दिला. शहात्तर.

डॉक्टरांनी तो स्वतःच्या सहीनं मंजूर केला. शाळासोबतीच्या रकान्यात 'तात्काळ' असं लिहिलं, आणि त्याखाली रेघ मारली. हर्षदानं कागद दोनदा वाचला. जून आता नुसता जून होता.

आबा भिंतीकडे तोंड करून डबा पिशवीत भरत होते. त्याला फार वेळ लागत होता.

डॉक्टर दहिवलीकर मात्र उभे राहिले. बऱ्याच वर्षांत त्यांच्या हातून असं काही घडलं नव्हतं, आणि आता शब्द आवरत नव्हते. "ताई, आज या खोलीत इतिहास घडला! माणूस एकटा मोजताच येत नाही, हे आज एका यंत्राला कळलं! मी आजच मंत्रालयात लिहितो. राज्यातली प्रत्येक सावली पुन्हा तपासली जाईल. प्रत्येक आईचे हात मोजले जातील! पुढच्या पिढ्या विचारतील, ही सुरुवात कुठून झाली, तेव्हा..."

"आई," शर्वी म्हणाली. तिचे दोन्ही हात वॉकरवर घट्ट होते, ते सोडवत नव्हते.

"थांब बाळा, काका बोलतायत."

"आई, नाक... खाजव ना."

हर्षदानं खाजवलं.

"तिथं नाही गं. वर."